पांढरे डबे

मुलाने चहा संपवला, कप बशीत ठेवला, रुमालाने ओठ टिपले आणि "येतो गं आई" म्हणून तो रोजच्यासारखा कामावर निघून गेला. दार ओढल्याचा आवाज आला, मग जिन्यात बुटांचा आवाज खाली खाली जात विरला. तेव्हा कुठे आक्काने आपला कप तोंडाला लावला आणि पहिला घोट जिभेवरच थबकला. चहा खारट होता. चुकून चिमूटभर पडलं असावं असा नव्हे, चांगलं चमचे भरभरून मीठ घालून, ढवळून, गाळून केलेला. तिने घोट बेसिनमध्ये थुंकला, चूळ भरली, पुन्हा भरली, आणि वळून मुलाच्या कपाकडे पाहिलं. कप रिकामा होता. तळाशी ओला तपकिरी गोल तेवढा उरला होता. आक्का ओट्याला टेकून त्या गोलाकडे बघत राहिली. चूक तिला कळत होती. चूक कुणाच्याही हातून होते, अगदी तिच्याही हातून, जरी या घरात तसं मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती. कळत नव्हता तो रिकामा कप. ज्या माणसाला भाजीत कणभर मीठ जास्त पडलं तर बायकोकडे भुवई वर करून बघितल्याशिवाय घास गिळवत नाही, तो माणूस हा कप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि भुवई जागची हलली नाही. वर "येतो गं आई" म्हणाला. त्या 'गं'मध्ये आज काही जास्तीचा मऊपणा होता का, हे ती आठवू लागली. आठवेना. दिवसभर तहान लागेल त्याला, एवढं मात्र मनात येऊन गेलं.

समोर भिंतीवरच्या फळीवर डबे ओळीने उभे होते. सगळे पांढरे, सगळे एका उंचीचे, झाकणं एकाच आईच्या पोटची. प्रत्येकाच्या पोटावर मधोमध, मुंगी चालून गेल्यासारखी, करड्या रंगाची बारीक अक्षरं. बाकी सगळं कोरं. दवाखान्यातल्या भिंतीसारखं कोरं. चार दिवसांपूर्वी तिच्या नातीने ते आणून मांडले होते. नातीला नाव होतं, चांगलं भारदस्त नाव होतं, पण अंगाने इतकी वाळकी आणि सदा कानावर पेन्सिल खोचलेली, म्हणून आक्काने तिचं लहानपणीच काडी करून टाकलं होतं आणि आक्काने ठेवलेलं नाव बदलायची कुणाची टाप नव्हती. काडी विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकत होती. शेवटचं वर्ष. आक्काच्या लेखी ते चित्रं काढायचं कॉलेज होतं, आणि चित्रं काढायला कॉलेज कशाला लागतं हा तिचा प्रश्न पहिल्या वर्षापासून तसाच उभा होता.

"चित्रं नाही गं आजी. डिझाइन."

"फरक काय दोन्हीत?"

"चित्र बघायचं असतं. डिझाइन वापरायचं असतं."

"मग आपला झाडूपण डिझाइनच म्हणायचा."

"हो, तेच तर," काडी डोळे मोठे करून म्हणाली होती, आणि आपण थट्टा केली की परीक्षेत पास झालो हे आक्काला कळलं नव्हतं.

डब्यांचं प्रकरण असंच थट्टेत सुरू झालं. शेवटच्या प्रोजेक्टला एक युझर लागतो, म्हणजे वापरणारी बाई, तर तू हो, असं काडी म्हणाली. "वापरणारी? या घरात मी सगळ्यांना आयुष्यभर वापरून घेतलं असं तुझी आई सांगते. विचार तिला, ती शिफारस देईल," आक्का म्हणाली. सून तिकडे तोंड करून भांडी लावत होती. ती हसली नाही, पण तिची पाठ हसली. शेवटी आक्का हो म्हणाली, कारण काडीने आईला विचारलं नव्हतं, बापाला विचारलं नव्हतं, आजीला विचारलं होतं, आणि हा मान सोडण्याइतकी आक्का अजून म्हातारी झाली नव्हती. तिला वाटलं होतं, पोरगी चार फोटो काढेल, दोन प्रश्न विचारेल. पोरीने जुने डबे रिकामे केले. झाकणावर जहाज असलेला बिस्किटांचा डबा, त्यात साखर असायची. दुधाच्या पावडरीचा, कोपरा चेपलेला, त्यात मीठ. गंजलेल्या कडेचा चहाचा, कडी तुटलेला तांदळाचा, आणि झाकण बसत नाही म्हणून वर रबर लावलेला सोड्याचा. आक्काचा हात त्या डब्यांना ओळखायचा. बोलता बोलता, कुणाला तरी झापता झापता, पाठ फिरवून उभी असली तरी हात मागे जायचा आणि नेमका डबा घेऊन यायचा, कुत्र्याने फेकलेली काठी आणावी तसा. आता हात जातो आणि पांढऱ्या पांढऱ्यात उभा राहतो. आज सकाळी असाच उभा राहिला होता. तिने वाचायला हवं होतं. चष्मा गळ्यातच लटकत होता. पण मुलगा टेबलाशी बसलेला, त्याच्यासमोर डब्याला बोट लावून अक्षर अक्षर जुळवत बसायचं? तिने मानेला झटका देऊन त्यातल्या त्यात ओळखीचा वाटला तो डबा उचलला, जसा आजवर प्रत्येक प्रसंगी उचलला होता.

आक्का दुसरीपर्यंत शाळेत गेली होती. मग धाकटा भाऊ झाला, त्याला कडेवर घेणारं कुणीतरी हवं होतं, आणि शाळेपेक्षा भाऊ जड होता. शाळेतलं तिला एवढंच आठवायचं, की अक्षरावर बोट ठेवलं तर बाई बोटावर पट्टी मारायच्या. डोळ्याने वाच, बोटाने नको. बोट काढलं की अक्षर निसटायचं. अजून तसंच होतं. एकेकटी गाठली तर अक्षरं ओळखीची होती, लग्नात पूर्वी कधीतरी भेटलेल्या माणसांसारखी, पण घोळक्याने आली की कोण कुणाचं ते कळायचं नाही. आणि हे जगात कुणालाही माहीत नव्हतं. या एका गोष्टीवर आक्काचं सगळं आयुष्य उभं होतं. ती रोज सकाळी खुर्चीत बसून वर्तमानपत्र उघडायची, चष्मा लावायची, फोटो बघायची, पानं सावकाश उलटायची आणि एखाद्या पानावर "काय मेली माणसं!" असं म्हणून मान हलवायची. इमारतीत सगळे म्हणायचे, या वयात आक्का पहिल्यापासून शेवटपर्यंत पेपर वाचतात. बँकेत ती सहीची दोन अक्षरं अशी फर्रकन ओढायची की कारकून दबून जायचा. कागदपत्र पुढे आलं की "हे नंतर, आधी तोंडाने सांग काय ते," असं दरडावायची, आणि लोकांना वाटायचं, केवढा दरारा. दरारा होताच. पण तो का होता, हे ती सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, असं ती आज सकाळी चहाचा घोट घेईपर्यंत धरून चालली होती.

कप तिने विसळला नाही. तसाच ठेवून ती खुर्चीत येऊन बसली, आणि बसल्या बसल्या एकेक गोष्ट उठून यायला लागली, न बोलावता, पाहुणे यावेत तशी. मागच्या महिन्यात दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं तिच्या हातात दिली तेव्हा सून पटकन म्हणाली होती, "आई, तुमचा चष्मा घरी राहिला वाटतं, आणा इकडे, मी वाचते." चष्मा आक्काच्या छातीवर लोंबत होता. सुनेच्या नाकासमोर. आक्काला तेव्हा वाटलं होतं, हिचेच डोळे गेले. घरी येऊन तसं बोललीही होती, तुझेच नंबर काढून घे आधी म्हणून. सून काही बोलली नव्हती. सून काही बोलत नाही, हा आजवर तिचा दोष होता. मग ती गोष्टीची पुस्तकं. काडी पाच वर्षांची असताना आक्का तिला मांडीवर घेऊन पुस्तकातली गोष्ट सांगायची, पान उलटायची, पुन्हा सांगायची, आणि काडी एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आजीचं पुस्तक रोज बदलतं." सगळे हसले होते. कोण कोण हसलं होतं? मुलगा हसला होता का? की तो उठून पाणी प्यायला गेला होता? आक्काने डोळे मिटून ती खोली पुन्हा भरायचा प्रयत्न केला, दिवा, सतरंजी, मांडीवरचं पोरीचं हलकं ढुंगण, आणि आजूबाजूचे चेहरे. चेहऱ्यांच्या जागी पांढरं दिसायचं. नुसतं पांढरं, मधोमध काहीतरी बारीक लिहिलेलं.

आणि मग नवरा आला. तो येणारच होता, तिला भीतीच त्याची होती. जाऊन सहा वर्षं झाली तरी माणूस वेळ साधून यायचा. छापखान्यात प्रूफं तपासायची नोकरी, आयुष्यभर तीच. घरी मात्र त्याला एक खोड होती. दिसेल ते मोठ्याने वाचायचा. सकाळी पेपर उघडला की पहिल्या ओळीपासून सुरू, आणि नुसते शब्द नाहीत, स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्हसुद्धा. "नगराध्यक्षांनी सांगितले की, स्वल्पविराम, पाणीपुरवठा लवकरच सुरळीत होईल, पूर्णविराम." रस्त्याने चालताना पाट्या वाचायचा. बसचा नंबर वाचायचा. औषधाच्या बाटलीवरचं बारीक वाचायचा. "अहो, तुमचं बटण कुठे असतं, बंद करते," ती म्हणायची. शेजारपाजारी त्याचं नाव रेडिओ पडलं होतं आणि ते तिनेच पाडलं होतं. तो हसायचा, म्हणायचा, "कामाची सवय गं. छापखान्यात एकाने वाचायचं, दुसऱ्याने ताडून बघायचं. तोंड आपोआप चालतं." तिला ते पटलं होतं. तो गेला तेव्हा भेटायला आलेल्यांत छापखान्यातला एक म्हातारा सोबती होता. तो खुर्चीच्या कडेला बसून म्हणाला होता, "फार शांत माणूस. तीस वर्षं शेजारी बसलो, कामाच्या वेळी त्याच्या तोंडून शब्द ऐकला नाही. सगळं मनात वाचायचा." आक्काने तेव्हा त्या म्हाताऱ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं होतं. वय झालं, माणसांची सरमिसळ होते. चहा दिला होता आणि वाटेला लावला होता.

खुर्चीत बसल्या बसल्या आक्काने ते वाक्य पुन्हा मनात म्हणून बघितलं. मनात वाचायचा. मग घरात कुणासाठी वाचत होता? लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याने एक मासिक तिच्यापुढे धरलं होतं, हे बघ काय छान लिहिलंय म्हणून, आणि तिने कपाळाला हात लावून म्हटलं होतं, डोकं दुखतंय. एवढंच. पुन्हा कधी त्याने तिच्यापुढे कागद धरला नाही. दुसऱ्या दिवसापासून, की त्याच संध्याकाळपासून, रेडिओ सुरू झाला होता. चाळीस वर्षं. चाळीस वर्षं ती त्याची टर उडवत होती आणि तो वाचत होता, स्वल्पविरामासकट, म्हणजे कुठे थांबायचं तेही तिला कळावं. आक्काला रडू आलं नाही. राग आला. कानशिलं तापली. एखाद्याने भर बाजारात पदरचं काही काढून हातात ठेवावं आणि वर म्हणावं, तुमचंच पडलं होतं, असा तो राग होता. म्हणजे मी राज्य केलं ते काय? तुम्ही सगळ्यांनी मिळून मला करू दिलं म्हणून?

ती उठली. घरात कुणी नव्हतं. तिने सगळे डबे फळीवरून उतरवून टेबलावर घेतले, एकेकाचं झाकण काढून बोट बुडवून चाखलं, पीठ, सोडा, पिठीसाखर, मिरीने ठसका लागला, आणि मग सेफ्टी पिन उघडून प्रत्येकाच्या झाकणाखाली, जिथे बघणाऱ्याला दिसणार नाही पण बोटाला लागेल अशा जागी, ओरखडे काढले. मिठाला एक, साखरेला दोन, पिठाला फुली. पुढे खुणा पुरेनात तेव्हा आडवे, तिरपे, जवळजवळ, लांबलांब. काम संपलं तेव्हा तिचा हात पुन्हा शहाणा झाला होता. संध्याकाळी मुलगा आला, तिने चहा दिला. त्याने पहिला घोट घ्यायच्या आधी, अगदी क्षणभर, कपाकडे पाहिलं. मग घेतला. "छान झालाय," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने चहाला कधी छान म्हटलं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी काडी डबे खोक्यात भरायला आली. पहिलाच डबा उचलला आणि तिचा अंगठा झाकणाखाली थांबला.

"आजी, हे ओरखडे कसले?"

"घासताना आले असतील."

"कोरडे डबे कोण घासतं?"

"मी घासते. माझं घर आहे, वाटलं तर छत घासेन."

काडीने मान खाली घातली. एकेक डबा उचलून ती अंगठा फिरवत गेली, सावकाश, सगळ्यांवरून. मिठाच्या डब्यावर, साखरेच्या डब्यावर. कानावरची पेन्सिल काढून तिने हातात धरली आणि पुन्हा कानावर ठेवली. मग म्हणाली, "परीक्षेला नवीन छापून घेते. हे राहू दे इथेच." आणि जरा वेळाने, खोक्यावरचा चिकटपट्टीचा तुकडा नखाने उकरत, "आजी, तू उद्या नाही आलीस तरी चालेल. मी सांगेन, तब्येत बरी नाही."

"युझर आला नाही तर काय करतात?"

"काही नाही. मार्क कापतात." मग, खरं बोलल्याशिवाय राहवत नाही तशी, "गेल्या वर्षी एकाला वर्ष पुन्हा करायला लावलं. पण ते बघू."

पुन्हा तेच. पुन्हा तो रिकामा कप, या वेळी पोरीच्या हातात. ही पोरगी माझ्यासाठी वर्ष प्यायला निघालीय. "माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "येणार. आणि तुझ्या त्या मास्तरांना सांग, खुर्ची पाठीची हवी. स्टुलावर मी बसत नाही." मग तिला राहवलं नाही. "आणि काय गं, अक्षरं एवढी बारीक कुणासाठी काढलीस? मुंग्यांसाठी?"

काडी हसली नाही. "आधी मोठी काढली होती. काळी, ठसठशीत. लांबून दिसतील अशी. सर म्हणाले, आरडाओरडा वाटतो. मोकळी जागा हवी, जागेला बोलू दे."

"जागा बोलते होय? मग अक्षरं कशाला काढता?"

आक्काच्या मनात मात्र ते 'आधी मोठी काढली होती' राहून गेलं. काळी, ठसठशीत, लांबून दिसतील अशी. कुणाला दिसतील अशी? पोरीने हा सगळा घाट कशासाठी घातला होता? आजीच्या स्वयंपाकघरात, आजीला न दुखावता, रोज नजरेला पडतील अशी अक्षरं आणून मांडायची होती का तिला? हा विचार आक्काला सहनही होईना आणि सोडवेनाही.

विद्यापीठाची इमारत आतून एखाद्या न आवरलेल्या घरासारखी होती. लांब खोली, उंच खिडक्या, भिंतीवर कागदच कागद. कुणी बसचा नकाशा केलेला, कुणी वाचनालयाची पोस्टरं, कुणी बाटलीवरची लेबलं. सगळीकडे गोंदाचा आणि कापलेल्या कागदाचा वास, पायाखाली कातरणं. एक मुलगी टेबलावर गाल टेकून बसल्या बसल्या झोपली होती. तिच्या गालाला निळा रंग लागला होता आणि तिला कुणी उठवत नव्हतं. आक्काला ते आवडलं. काम करून पडलेल्या माणसाला उठवू नये. काडीचे डबे खोलीच्या टोकाला एका पांढऱ्या चौथऱ्यावर, वरून दिवा सोडून, मांडलेले होते. आक्का दारातच थबकली. घरी ते ओळीत होते. इथे एकावर एक, चौकोनात. कोणता पहिला आणि कोणता शेवटचा, काही धागा नाही. दिव्याच्या उजेडात ती करडी अक्षरं जवळजवळ विरून गेली होती. देखणं होतं, हे तिला नाकारता येईना. बर्फासारखं देखणं.

दाढीवाले सर पुढे येऊन वाकून बोलले, खुर्ची पाठीचीच होती. सोबत बाहेरून आलेल्या परीक्षक बाई होत्या, आखूड पांढरे केस, जाड चष्मा, मुलाच्याच वयाच्या असतील. काडीने बोलायला सुरुवात केली. पोरीचा आवाज सुरुवातीला कापला आणि मग सुरळीत झाला. आक्काला त्यातले अर्धे शब्द कळले नाहीत पण बोलणं खणखणीत होतं, आपल्यावर गेलीय, असं तिच्या मनात आलं. मग सर हसून म्हणाले, "आजी, तुम्ही हे रोज वापरता ना?"

"वापरते की. न वापरून जाते कुठे?"

सगळे हसले. "मग जरा आम्हाला यातलं मीठ काढून द्या बघू."

आक्का उठली. चौथऱ्यापाशी गेली. जवळचा डबा उचलून तिने अंगठा झाकणाखाली नेला. गुळगुळीत. अर्थात गुळगुळीत, नवीन छापलेले, तिच्याच ओरखड्यांनी नवीन छापायला लावलेले. तिने डबा हातात तोलला. मीठ जड असतं, पीठ फसवं असतं, हाताला वजन कळतं. डबा पिसासारखा होता. तिने तो हळूच हलवला. आत काहीच वाजलं नाही.

"यात काही नाही गं," ती काडीकडे वळून, एकदम घरच्या आवाजात म्हणाली.

"प्रदर्शनात रिकामेच ठेवतात, आजी."

रिकामे. सगळेच रिकामे. दिव्याची उष्णता कपाळावर लागत होती. सरांनी हात मागे बांधले. परीक्षक बाईंनी चष्मा वर सरकवला. आक्काला आपला श्वास ऐकू यायला लागला, आणि त्या श्वासामागून काडीचा आवाज आला, मघाचाच खणखणीत, माहिती सांगणारा आवाज: "इथे अक्षराची जाडी मी मुद्दाम कमी ठेवली आहे. म्हणजे उदाहरणार्थ, हा दुसऱ्या ओळीतला शेवटचा डबा बघितला, मीठ, तर..." आणि तिची पेन्सिल, सहज, त्या डब्याच्या दिशेला जाऊन थांबली. सर अक्षरांकडे बघत होते. कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. फक्त आक्काला तो आवाज ओळखू आला. पाणीपुरवठा लवकरच सुरळीत होईल. औषध दिवसातून दोनदा, जेवणानंतर. बस नंबर सात. इतका सहज, इतका दुसरीकडे बघत. हात पुढे करायचा, दुसऱ्या ओळीतला शेवटचा डबा उचलायचा, संपलं. पोरगी पास होईल. घरी जाऊन आक्का म्हणेल, काय ती परीक्षा, मीठ मागितलं मेल्यांनी. सगळे हसतील. सुनेची पाठ हसेल. आणि मुलगा चहा पिईल, जो मिळेल तो, शेवटच्या थेंबापर्यंत, ती मरेपर्यंत. दिवसभर तहान लागली असेल त्याला. कुणाला सांगितलंही नसेल.

"तू गप्प बस," आक्का काडीला म्हणाली.

काडीचा आवाज तुटला.

"माझं मला बघू दे."

तिने गळ्यातला चष्मा नाकावर चढवला. पाठीची खुर्ची एका हाताने ओढून चौथऱ्याला भिडवली आणि तिच्यावर बसली, स्वतःच्या ओट्यापाशी बसल्यासारखी. दुसऱ्या ओळीकडे तिने बघितलं नाही. सगळ्यात वरच्या ओळीतला पहिला डबा मांडीवर घेतला, आणि तर्जनी त्या करड्या अक्षराखाली ठेवली. पट्टी बसेल असं वाटून बोट एकदा आखडलं. बसली नाही. "सा," ती म्हणाली. मोठ्याने. आपला तो आवाज तिला परका वाटला. बारीक, खरखरीत, दुसरीतल्या पोरीचा. "सा... ख..." बोट पुढे सरकलं, मागे आलं. "र. साखर." तिने डबा खाली ठेवला.

सर घसा साफ करून हळूच म्हणाले, "आजी, आम्ही मीठ..."

"येतंय. मधे बोलू नका. मधे बोललं की अक्षर पळतं."

दुसरा डबा. या वेळी फार वेळ लागला. अक्षराची रेघ एका ठिकाणी इतकी बारीक होती की पांढऱ्यात बुडून गेली होती. तिने डबा दिव्याकडे तिरपा धरला, डोळ्यांजवळ आणला, लांब नेला. घाम कपाळावरून चष्म्याच्या कडेला आला. मागे कुणीतरी पाय बदलला. काडी तिच्या शेजारी येऊन जमिनीवर बसली होती. पोरीचा चेहरा लाल झाला होता, आणि तिला सांगायचं होतं, ओठांवर आलेलं दिसत होतं, पण तिने दातांनी ओठ धरून ठेवला. तिने सांगितलं नाही. आक्काने वरून एकदा तिच्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला आपल्या बरोबरीचं समजतंय असं तिला वाटलं. "तां," ती म्हणाली. "तां... दूळ." काडीने कानावरची पेन्सिल काढली आणि त्या कोऱ्या, बर्फासारख्या डब्यावर, जिथे आजीचं बोट अडलं होतं तिथे, एक काळी खूण केली.

"अगं, काय करतेस?" सर म्हणाले. "ते फायनल आहे."

"जिथे अडतंय तिथे खूण करतेय, सर."

"वेळ बघ किती होतोय. बाकीच्यांचे..."

"होऊ दे," परीक्षक बाई म्हणाल्या. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला होता. त्या खूश होत्या की नाराज, हे आक्काला कळलं नाही आणि तिने कळून घेतलं नाही.

पीठ. मिरी. सोड्याला ती चुकली, साडी म्हणाली, स्वतःच "छे" म्हणून परत पहिल्या अक्षरावर आली. दुसऱ्या ओळीतला शेवटचा डबा तिच्या हातात आला तेव्हा बरीच काळी टिंबं पांढऱ्यावर पडली होती आणि काडीचे मार्क किती गेले असतील ते काडीच्या तोंडावर दिसत होतं. पण पेन्सिल थांबली नव्हती. आक्काने बोट ठेवलं. "मी," ती म्हणाली, आणि थांबली. हे अक्षर सोपं होतं. हे तिला शाळेपासून येत होतं. "ठ." तिने झाकण उघडलं, रिकामा डबा सरांपुढे धरला.

"घ्या. मीठ."

सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. "थँक यू, आजी. खूप झालं. बसा, पाणी घ्या."

"झालं कसं?" आक्का म्हणाली. तिने चष्म्याची काच पुसली, काडीकडे न बघता हात तिच्या खांद्यावर टेकला, आणि पुढचा डबा मांडीवर ओढला. "अजून डबे राहिलेत."